ट्रायल्ससाठी जुनी गाडी घेतोय: १७५ की ३५०? आणि कार्ब्युरेटर कोणता?

डोंगरकपारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बुलेट, आरएक्स, येझदीवरचे धागे इथे ढिगाने आहेत. ट्रायल्सवर एकही सापडला नाही, म्हणून नवीन काढतोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: ही शर्यत नाही. ओढा, दगड, चिखल, झाडांची मुळं अशा अवघड तुकड्यातून पाय न टेकता गाडी काढायची. या तुकड्याला सेक्शन म्हणतात. पाय एकदा टेकला की १ गुण दंड, दोनदा टेकला की २, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३. गाडी पडली किंवा हद्दीबाहेर गेली की सरळ ५. ज्याचा दंड सर्वात कमी तो जिंकला. वेग म्हणाल तर बराच वेळ माणूस चालतो तेवढाच.

मी नोकरीनिमित्त वेस्ट यॉर्कशायरमध्ये असतो. इथे रविवारी कुठल्या ना कुठल्या क्लबची ट्रायल असतेच, आणि ट्विनशॉक, म्हणजे मागे दोन शॉकॲब्सॉर्बर असलेल्या जुन्या गाड्यांचा वर्ग वेगळा असतो. त्यात उतरायचं आहे. दोन गाड्या नजरेत आहेत. एक यामाहा टीवाय १७५. दुसरी १९७४ ची बुलटाको शेर्पा टी. हिला लोक ३५० म्हणतात, प्रत्यक्षात इंजिन ३२६ सीसी. दोन्ही टू-स्ट्रोक. शेर्पावर अमालचा २७ मिमी कार्ब्युरेटर आहे आणि त्याची स्लाइड, म्हणजे थ्रॉटल फिरवल्यावर वर सरकून हवेची वाट उघडणारा भाग, हाताने हलवली की खुळखुळते.

ओळखीतल्या एकाकडे ३० मिमीचा कार्ब्युरेटर पडून आहे. तो म्हणतो, शेर्पाला हा बसव, मग बघ कशी उचलते.

माझं वजन ८८ किलो. भारतात बुलेट चालवली आहे, ट्रायल्समध्ये पाटी कोरी. इथल्या लोकांना विचारलं तर जितकी तोंडं तितकी मतं. तुम्ही काय म्हणता?

---

धडधड_३५०

बुलेट चालवलेल्या माणसाला १७५ काय विचारताय राव! ३५० घ्या.

आणि एक गोष्ट कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. आपली बुलेट मुळात ट्रायल्समध्ये नावाजलेली गाडी. स्कॉटलंडमधली सिक्स डेज ट्रायल जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली रॉयल एन्फिल्ड बुलेटवर जिंकली होती. ७० चा बोअर, ९० चा स्ट्रोक, जड फ्लायव्हील. आयडलवर क्लच सोडा, चढावर टकटक करत जाते, बंद पडायचं नाव नाही. ट्रायल्सला हेच लागतं ना? मग सीसी मोठी असलेली बरी.

१९७४ च्या शेर्पाचा गिअर उजव्या पायाला असणार. जुनी बुलेट चालवली असेल तर तुम्ही घरच्या मैदानावर आहात.

---

लेथवाला_कोल्हापूर

धडधडभाऊ, बुलेटचं सगळं कबूल, पण ती चिखलात आडवी झाली की उचलायला तालमीतली चार पोरं लागतात. 😄

डोंगरकपारी, सीसी नंतर बघू. आधी मला सांग: दोन्ही गाड्यांच्या क्रँकला खेळ किती? कनेक्टिंग रॉड वरखाली हलतोय का? गरम झाल्यावर आयडल एका जागी राहतंय का, की रेस वाढून तिथंच अडकतीय? पन्नास वर्षांच्या गाडीत १७५ आणि ३५० हा दुसरा प्रश्न असतो भावा. पहिला प्रश्न, आत काय शिल्लक आहे.

---

पेनाइनचा_पाटील

मी इकडे डर्बीशायरमध्ये ट्विनशॉकच चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धडधड यांचा मुद्दा १९६४ पर्यंत बिनतोड होता. तेव्हा सॅमी मिलर ५०० सीसीच्या फोर-स्ट्रोक एरियलवर सगळ्यांना धूळ चारत होता. मग तो बुलटाकोकडे गेला, त्यांच्यासाठी २४४ सीसीची टू-स्ट्रोक शेर्पा तयार केली आणि १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज तिच्यावर जिंकली. त्यानंतर जड फोर-स्ट्रोकचे दिवस भराभर संपले. म्हणजे माणूस तोच, स्पर्धा तीच, इंजिन अर्ध्यावर आलं आणि तरीही जिंकला. वजन कमी झालं आणि थ्रॉटल किंचित फिरवल्यावर काय होईल ते आधी कळायला लागलं, हे त्याचं कारण.

आता तुमच्या दोन गाड्या. टीवाय हलकी, कीक सोपी, रीड व्हॉल्व्ह (आत ओढलेलं मिश्रण उलट जाऊ न देणारी पट्टीची झडप) असल्याने कमी आरपीएमला स्वच्छ चालते. नवख्याला चूक माफ करते. अडचण फक्त तुमच्या वजनाची. ओल्या, लांबलचक चढावर तिला आधीच वेग देऊन ठेवावा लागेल, मध्येच मागितलं तर मिळणार नाही. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करून यातलं बरंच निभावतं.

शेर्पा ३२६ ऐकायला दांडगी वाटते, पण स्वभावाने मऊ आहे. फ्लायव्हील जड, ताकद सावकाश येते. कीक मात्र मन लावून मारावी लागते, आणि दिवसाच्या शेवटी, दमलेलं असताना, तुम्हाला हे वाक्य आठवेल.

शिवाय जुन्या गाड्यांच्या नावातल्या आकड्यावर फार विसंबू नका. फँटिक २०० चं इंजिन १५६ सीसी आहे, २४० चं २१२, आणि ३०० चं २४९. तरी फँटिक २०० वर बसून लोक मोठ्या गाड्यांच्या नाकावर टिच्चून जातात.

---

भोचक_भवानी

ॲव्हरेज किती देते?

---

पेनाइनचा_पाटील

ताई, हा प्रश्न कुणी विचारला नसता तर धागा मराठी वाटला नसता. 😂 दिवसभराच्या ट्रायलला दोनेक लिटर पुरतात. आजच्या ट्रायल्स गाड्यांची टाकीच मुळी अडीच-तीन लिटरची असते. आणि सीट नसते. म्हणजे नवऱ्याच्या मागे बसून जायचा बेत असेल तर रद्द करा.

---

भोचक_भवानी

चालवणार मी, मागे तो बसणार होता. असो.

---

सव्वादोन_आटे

३० मिमीच्या कार्ब्युरेटरबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. व्यवसायाने इंजिनांच्या चाचण्या घेते, सध्या पुण्यात.

नका बसवू.

कारण आकड्यात. २७ वरून ३० वर गेलात की छेदाचं क्षेत्रफळ सुमारे २३ टक्के वाढतं. इंजिन तेवढीच हवा ओढत असेल तर हवेचा वेग जवळपास एक-पंचमांशाने पडतो. जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून, पेट्रोल वर उचलून त्याचे बारीक कण करायचं काम हा वेगच करतो. तो पडला की थ्रॉटल उघडल्यावर इंजिन आधी आवंढा गिळतं आणि मग एकदम सुटतं. रस्त्यावर हे चालून जातं. दोन दगडांच्या मध्ये पुढचं चाक उचलायचं असताना नाही चालत.

मोठ्या कार्ब्युरेटरचा फायदा मिळतो तो वरच्या आरपीएमला, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर. ट्रायल्समध्ये तिथे जायची वेळ येते कधी?

---

लेथवाला_कोल्हापूर

ताई, मान्य, पण एक खोच हाय. स्लाइड कार्ब्युरेटरमधी थ्रॉटल थोडंच उघडलेलं असताना हवेची वाट स्लाइडच ठरवते. खाली फट एवढीशीच. मग बोअर २७ असू दे न्हाय तर ३०, फटीतनं हवा जोरातच जाणार की.

---

सव्वादोन_आटे

दादा, अगदी बरोबर, आणि हे बहुतेक लोक विसरतात. पण फटीची उंची तेवढीच ठेवली तरी मोठ्या बोअरमध्ये तिची रुंदी जास्त भरते. म्हणजे मनगट केसभर हललं तरी जास्त हवा आत जाते आणि बारीक नियंत्रण अवघड होतं. फटीपुरता वेग टिकला तरी हाताचा नेमकेपणा गेलाच.

म्हणूनच आजच्या २५० आणि ३०० सीसीच्या ट्रायल्स गाड्यांवरसुद्धा कार्ब्युरेटर २६ किंवा २८ मिमीचेच दिसतात. डेलॉर्टोचा पीएचबीएल २६, मिकुनीचा व्हीएम २६, केहिनचा पीडब्ल्यूके २८. तेवढ्याच सीसीच्या मोटोक्रॉस गाडीवर याहून बरेच मोठे असतात. इंजिनाची सीसी आणि कार्ब्युरेटरचा मिमी यांचं एकच ठरलेलं प्रमाण नसतं. गाडी कुठल्या कामाची, त्यावर ते ठरतं.

थ्रॉटलच्या कुठल्या टप्प्यावर काय काम करतं तेही लिहून ठेवते. बंद ते एक-अष्टमांश: पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पाव उघडेपर्यंत: स्लाइडचा कटअवे, म्हणजे स्लाइडच्या हवेकडच्या कडेला दिलेला काप. पाव ते पाऊण: नीडल आणि नीडल जेट. त्यापुढे मेन जेट. ट्रायल्सवाला जवळजवळ सगळा दिवस पहिल्या दोन टप्प्यांत काढतो. तरी गॅरेजमध्ये गाडी नेली की पहिल्यांदा मेन जेट बदलतात, कारण तो बदलायला सोपा!

---

निरागस_प्रश्न

सगळं जग फ्युएल इंजेक्शनवर गेलं. ट्रायल्सवाले अजून कार्ब्युरेटरच का उगाळतायत?

---

पेनाइनचा_पाटील

सगळे नाही उगाळत. मोंटेसाची कोटा ४आरटी २००५ मध्ये आली, फोर-स्ट्रोक, बॅटरीशिवाय चालणारं इंजेक्शन. टोनी बू २००७ पासून तिच्या घराण्यातल्या गाड्यांवरच जगज्जेता होत आलाय. पण ट्विनशॉकच्या वर्गात इंजेक्शन लावून गेलात तर मार्शल चहा पाजून परत पाठवतील.

---

धडधड_३५०

हे वाचून माझ्या ३५० चा मिककार्ब आठवला. व्हीएम २४. साडेतीनशे सीसीला फक्त २४! लोक काढून २८ लावतात आणि मग गावभर सांगतात की खालचा दम गेला.

---

सव्वादोन_आटे

तुम्ही माझंच काम केलंत धडधडकाका. 🙏

---

लेथवाला_कोल्हापूर

आता त्या खुळखुळ्या अमालकडं वळू. अमाल काँसेंट्रिक मार्क वनमधी बॉडी आणि स्लाइड दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूची. एकमेकांवर घासून दोन्ही झिजतात. मग स्लाइडच्या बाजूनं चोरवाटेनं हवा जाते आणि आयडल काय जमत न्हाय. एअर स्क्रू कितीबी फिरव, उपयोग शून्य.

पण मोडीत काढायच्या आधी दोन गोष्टी बघ.

एक, फ्लँजवर दोन बोल्टनं बसणारा असेल तर फ्लँज वाकलाय का बघ. मागच्या मालकांनी ताकद लावून आवळलेला असतो आणि तो केळासारखा वाकतो. स्टीलची पट्टी त्यावर आडवी धर आणि उजेडाकडं बघ. मधनं उजेड दिसला की हवा खातोय. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवायचा, रॉकेलचे चार थेंब टाकायचे आणि इंग्रजी आठाच्या आकारात सावकाश घासायचं. घाई केली तर एक बाजू जास्त जाती.

दुसरं, पायलट. बऱ्याच मार्क वन अमालमधी पायलटची बारीक बुशिंग आत दाबून बसवलेली असती, बाहेरनं दिसतच न्हाय. लोक कार्ब्युरेटर धुतात, फुंकतात, चकचकीत करतात, आणि ती बुशिंग तशीच तुंबलेली. एअर स्क्रू काढ, त्याच भोकातनं ७८ नंबरचं ड्रिल, साधारण ०.४ मिमीचं, चिमटीत धरून सरळ आत घालायचं आणि नुसतं फिरवायचं. मशीनला लावायचं न्हाय! दुसऱ्या बाजूनं स्प्रे मारल्यावर बारीक धार निघाली की झालं. आमच्याकडं जुन्या ब्रिटिश गाड्या येतात त्यात बऱ्याचदा दुखणं एवढंच निघतं.

---

पेनाइनचा_पाटील

लेथवाले दादा, दंडवत. इकडे याच कामाचे लोक तासावर पैसे घेतात.

भर घालतो. अमाल आता प्रीमियर नावाने सुधारलेला मार्क वन विकते. त्यात स्लाइड कडक ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि पायलट जेट काढता येतो. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर तोच घ्या, टू-स्ट्रोकसाठीचा आहे ना ते विचारून. रूपाचं कौतुक नसेल तर मिकुनी व्हीएम २६. क्लबच्या नियमात चालतो का तेवढं आधी पाहा, काही ठिकाणी जुन्या वर्गांत कार्ब्युरेटरवरही बोट ठेवतात.

नेटवर स्वस्तात मिळणाऱ्या पीडब्ल्यूकेच्या नकलांपासून लांब राहा. जेटवर छापलेला आकडा आणि भोक यांचा मेळ असेलच असं नाही, मग ट्यूनिंग कशाच्या आधारावर करणार?

---

सव्वादोन_आटे

आणि एका कंपनीच्या जेटचा आकडा दुसरीत शोधू नका. अमालचा आकडा दर मिनिटाला किती घनसेंमी पेट्रोल वाहतं त्यावर असतो. केहिनचा साधारण भोकाच्या व्यासावर. ‘आधी १५० होता म्हणून १५०च दे’ असं दुकानात सांगितलंत तर भलतंच पदरात पडेल.

---

डोंगरकपारी

मंडळ आभारी आहे! दोन्ही गाड्या पाहून आलो, लेथवाले दादांची यादी खिशात घेऊन.

टीवाय: थंड असताना एका कीकमध्ये चालू. गरम झाल्यावर थ्रॉटल सोडलं तरी रेस वरच अडकून राहते, मग सावकाश खाली येते. धूर पांढरट. मालक म्हणाला ‘आयडल स्क्रू जरा फिरवला की झालं.’

शेर्पा: रॉडला वरखाली खेळ जाणवला नाही, आयडल मात्र कधी मेलं, कधी पळालं. टाकी आधीच्या मालकाने ॲल्युमिनियमची बसवली आहे. गिअर उजवीकडेच, धडधड यांना पैकीच्या पैकी.

---

लेथवाला_कोल्हापूर

टीवायचा मालक गोड बोलतोय. रेस अडकणं म्हणजे मिश्रण पातळ, कुठनं तरी जादा हवा आत येतीय. इनटेकच्या रबराभोवती कार्ब क्लीनर मार. रेस बदलली तर रबर फाटलंय, स्वस्तात सुटलास. न्हाय बदलली तर क्रँकचे सील. आणि पांढरा धूर, वर गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचा सील गेलाय, इंजिन गिअरचं ऑइल पितंय. अशीच चालवली तर एक दिवस पिस्टन धरणार.

---

पेनाइनचा_पाटील

म्हणजे चित्र असं: एकीचा कार्ब्युरेटर मेलाय, दुसरीच्या पोटात दुखतंय. कार्ब्युरेटर हा जुन्या गाडीत बदलायला सर्वात स्वस्त भाग. शेर्पाचं आयडल पळतंय हे दाखवूनच किंमत पाडा. तुमचं वजन, उजवा गिअर आणि बरं असलेलं बॉटम एंड (क्रँक आणि रॉडचा खालचा भाग) पाहता मी शेर्पाच घेईन. टीवाय चांगल्या अवस्थेत असती तर पहिल्या वर्षासाठी तीच म्हणालो असतो.

---

इथेनॉलग्रस्त

अॅल्युमिनियमची टाकी हे नशीब समजा. जुनी फायबरग्लासची असती तर इथेनॉलने आतून विरघळवून सगळा चिकटा कार्ब्युरेटरात आणला असता. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, आहे. सुपर अजून ई५ मिळतं, तेच भरा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटिंगवर मिश्रण थोडं पातळ होतं. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट बोल, म्हणजे कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी, रिकामा करून ठेवा. आपल्याकडे ई२० वर जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचं काय होतंय ते मी वेगळ्या धाग्यात ओरडून झालोय.

---

सव्वादोन_आटे

थंडीचंही बघा. दाब तोच धरला तर ३० अंशांच्या हवेपेक्षा शून्य अंशाची यॉर्कशायरमधली हवा सुमारे ११ टक्के दाट. समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला चढलं की हवा जवळपास तेवढीच विरळ होते, तुमच्याकडे हिवाळ्यात त्याच्या उलट. म्हणजे जानेवारीत पायलट एक नंबर मोठा लागला तर घाबरू नका.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळतानाही लक्षात ठेवा, ऑइल वाढवलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं. जुन्या पुस्तकातल्या २०:१ वरून आजच्या ५०:१ वर आलात तर मिश्रण किंचित गडद, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, होईल. आधी ऑइलचं प्रमाण ठरवा, मग जेट. उलट क्रमाने केलंत तर दोनदा काम.

---

सह्याद्री_आरएक्स

मध्येच घुसतोय. आरएक्स १०० ची ट्रायल्स बनवली तर? सिंहगडाच्या पायवाटेवर...

---

सव्वादोन_आटे

किल्ल्याची पायवाट नको. संरक्षित जागा आहे आणि लोक चालत असतात. कुणाचं माळरान, बंद पडलेली दगडखाण परवानगीने मिळते का बघा.

इंजिनाबद्दल: ९८ सीसी, आणि ११ बीएचपी मिळते ती ७५०० आरपीएमला. खाली फार काही नाही. कार्ब्युरेटर आहे तोच ठेवा, मागचं स्प्रॉकेट जमेल तेवढं मोठं करा आणि लेथवाल्यांकडून मॅग्नेटवर वजनाची कडी करून घ्या. आधी तेवढंच.

---

लेथवाला_कोल्हापूर

कडी करून देतो, पण बॅलन्स केल्याशिवाय बसवू नकोस. सुटली तर गुडघ्यात घुसंल.

---

डोंगरकपारी

शेर्पा घेतली! किंमत पाडली, पाटीलसाहेबांच्या युक्तीने. प्रीमियर अमाल मागवलाय, २७ चाच. ३० मिमीवाला मित्र थोडा फुगलाय.

शेवटचा प्रश्न: नवीन बसवल्यावर एअर स्क्रूची सुरुवात कुठून करू?

---

सव्वादोन_आटे

हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड आटा बाहेर. इंजिन नीट गरम करा, मगच हात लावा. पाव पाव आटा फिरवत जिथे रेस सर्वात वर जाते ती जागा शोधा, मग आयडल स्लाइडच्या स्क्रूने खाली आणा. अमालमध्ये स्क्रू आत म्हणजे गडद, बाहेर म्हणजे पातळ. अर्ध्या आट्याच्या आत थांबावं लागलं तर पायलट लहान आहे, अडीचच्या बाहेर गेलात तर मोठा.

---

लेथवाला_कोल्हापूर

आणि हे सगळं एअर फिल्टर लावून कर. काढून ट्यून केली आणि नंतर फिल्टर चढवला तर परत मलाच विचारशील.